गेलेलं घर, मोडलेला माग: एआय वापरून थ्रीडी मॉडेल कसं उभं करायचं

सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, त्या दिवशी निम्मं सोलापूर मोबाइल वर धरून उभं होतं. ती कोसळतानाचे व्हिडिओ आजही हवे तेवढे मिळतात. पण त्यांवरून चिमणीचं थ्रीडी मॉडेल करायला बसलात तर पहिला धडा लगेच मिळेल: एकाच गच्चीवरून काढलेले पन्नास व्हिडिओ कामाच्या हिशेबानं एकच फोटो. संगणकाला खोली, म्हणजे काय जवळ आणि काय दूर, हे कळतं ते जागा बदलून काढलेल्या चित्रांमधून. चार दिशांनी, चार वेगवेगळ्या वर्षी सहज काढलेले चार फोटो त्या पन्नास व्हिडिओंपेक्षा जास्त कामाचे.

पाडलेली, बुडालेली किंवा मोडीत विकलेली वस्तू संगणकावर पुन्हा उभी करायची हौस आहे, पण असलं सॉफ्टवेअर कधी उघडलेलं नाही, अशांसाठी हे लिहितोय. एक बरा फोन, एक लॅपटॉप आणि भरपूर चिकाटी एवढं पुरतं. खाली आलेली बहुतेक साधनं फुकट आहेत किंवा फुकटात सुरुवात करू देतात. एआय आहेच, पण माझ्या मते तो या कामात सगळ्यात शेवटी बोलवायचा गडी. आधी बोलावलात तर तो न विचारता घर बांधून मोकळा होतो, आणि ते घर तुमचं नसतं.

आधी बघा, गेलंय किती

वस्तू अजून हातात आहे, फक्त जायच्या बेतात आहे, हा सगळ्यात सोपा प्रकार. आणि लोक नेमका हाच सोडून देतात. माळ्यावरचा धोटा, आजीची समई, पाडायला काढलेल्या वाड्याची चौकट. इथं कल्पनेची गरजच नाही, सरळ स्कॅन करा. पॉलिकॅम, स्कॅनिव्हर्स, किरी इंजिन, रिॲलिटीस्कॅन यांपैकी फोनवर जे चालेल ते घ्या. वस्तूभोवती खालून, मधून आणि वरून अशा तीन फेऱ्या मारा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निदान साठ-सत्तर टक्के भाग आला पाहिजे. उजेड सगळीकडून सारखा हवा, म्हणून ढगाळ दिवस किंवा सावली उत्तम. फ्लॅश नको. पितळ मात्र छळतं. आपण हललो की त्याची चकाकी जागा बदलते आणि सॉफ्टवेअरचा गोंधळ उडतो. घरचीच समई असेल तर टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवायचा, काम झालं की पुसून टाकायचा.

दुसरा प्रकार: वस्तू गेली, पण वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो शिल्लक आहेत. बामियानच्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये उडवल्या; त्यानंतर झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी पूर्वीच्या मोजणीच्या फोटोंवरून आणि पर्यटकांच्या फोटोंवरून मोठ्या मूर्तीचं मॉडेल केलं. हेच काम आज मेशरूम किंवा कोलमॅप ही मोफत सॉफ्टवेअरं घरच्या संगणकावर करतात. मेशरूमच्या सगळ्या पायऱ्या पार करायला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, एवढं आधी बघून घ्या. फोटो थोडे आणि जुने असले की ही साधनं अडतात. तिथं ऑक्सफर्ड आणि मेटानं २०२५ मध्ये आणलेलं व्हीजीजीटी वापरून बघा. मोजक्या फोटोंवरूनही कॅमेरा कुठं उभा होता आणि भिंत कुठं होती याचा ते बरा अंदाज बांधतं.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त: हातात एकच फोटो. तोही लग्नातला, घर मागं अर्धं दिसणारा. पुढचा बहुतेक लेख यावरच आहे.

उजनीची गोष्ट मात्र यांपैकी कशातच बसत नाही. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पण कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, काठच्या गाळात घरांची जोतीही दिसू लागतात. अशा वेळी जोत्यांचेच फोटो काढा. जोतं मिळालं म्हणजे घराचा नकाशा मिळाला. खोल्या किती, दार कोणत्या अंगाला, हे विचारत बसावं लागत नाही. गाळ फसवा असतो, एकट्यानं उतरू नका. ड्रोन न्यायचा विचार असेल तर परवानगीचं आधी बघा.

पुरावा गोळा करा, तोही नीट

समजा, तुमचं घर सोलापूरच्या साखर पेठेत होतं. पुढच्या खोलीत खड्डामाग (विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो हातमाग), मागं स्वयंपाकघर, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. आता तिथं तीन मजली इमारत आहे आणि तुमच्याकडं एक काळा-पांढरा फोटो आहे. या घरावरच पुढच्या पायऱ्या बघू.

फोटो आधी अल्बममधून अलगद काढून स्कॅनरवर ठेवा आणि ६०० डीपीआयला स्कॅन करा. फोनमध्ये काढलेला आणि व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो कामाचा राहत नाही, कारण बारीक रेषा दाबून टाकल्या जातात. नातेवाइकांना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं स्पष्ट सांगा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, शाईनं लिहिलेली तारीख, कधी अख्खा पत्ता तिथंच असतो.

मग इतरांच्या अल्बमकडं वळा. शेजाऱ्याच्या मुंजीत तुमची भिंत असते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वज बघायला दारात उभी राहिलेली माणसं असतात, आणि त्यांच्या मागं तुमच्या गल्लीचा कोपरा. सरकारी कागदही विसरू नका. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि जागेचा नकाशा मिळतो. घर पडलं तरी जागेची लांबी-रुंदी कागदावर राहते. आणि संगणकावरच्या गुगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाचं चिन्ह दाबलं की त्याच जागेची मागच्या वर्षांतली उपग्रह चित्रं एकामागून एक बघता येतात.

या चित्रांचा एक फायदा पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही: सावली. एकाच चित्रात शेजारच्या ६ मीटर उंच घराची सावली ४ मीटर पडली असेल आणि चिमणीची ६० मीटर, तर चिमणी ९० मीटर उंच. दोन्ही सावल्या सपाट जमिनीवर पडलेल्या हव्यात, एवढीच अट. गिरण्यांची धुराडी, पाण्याच्या टाक्या, मनोरे, सगळ्यांना हा हिशेब लागू पडतो.

आता माणसं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘घर कसं होतं?’ असं विचारलं तर ‘लई मोठं होतं की’ एवढंच उत्तर येतं. त्यांना मनानं घरातून चालवा.

‘आजी, रस्त्यावरून दारात यायला पायऱ्या किती?’
‘तीन. खालची मोडकी. पाय मुरगळायचा.’
‘आत आलं की उजव्या हाताला?’
‘माग. तुझे आजोबा दाराकडं तोंड करून बसायचे, उजेडासाठी.’
‘आणि वरून उजेड यायचा का?’
‘सानं होतं ना. पावसाळ्यात त्यावर घमेलं पालथं घालायचो.’

बघा, तीन प्रश्नांत पायऱ्या, मागाची दिशा आणि माळवदातलं सानं, म्हणजे उजेडाचं भोक, मिळालं. यातलं एकही फोटोत नव्हतं. बोलणं रेकॉर्ड करा, पण परवानगी घेऊन. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर त्याच भाषेत बोलू द्या, वस्तूंची नावं त्याच भाषेत आठवतात. आणि एक पथ्य कडक पाळा: एआयनं काढलेलं चित्र त्यांना आधी दाखवू नका. एकदा ते छान चित्र डोळ्यांसमोर आलं की आठवण त्याच्याकडं सरकते आणि मग ‘हो हो, असंच होतं’ ऐकायला मिळतं. आधी त्यांच्याकडून कागदावर रेघोट्या मारून घ्या.

माप कुठून आणायचं

मापाशिवाय केलेलं मॉडेल म्हणजे खेळणं. एआयनं बनवलेल्या वस्तूला तर स्वतःचं मापच नसतं. समई आणि दीपमाळ त्याच्या लेखी सारखीच.

फोटोत माप माहीत असलेली एखादी वस्तू शोधा. भिंतीला टेकवलेली सायकल सापडली तर नशीब उघडलं म्हणा. जुन्या २८ इंची चाकाचा टायरसकट व्यास साधारण ७१ सेंटिमीटर भरतो. सायकल तिरकी दिसत असेल तर चाक आडवं मोजू नका, उभं मोजा. तिरकं दिसलं तरी उंची फारशी दबत नाही. चाक फोटोत १४२ पिक्सेल उंच आणि दार ३९० पिक्सेल असेल, तर एक पिक्सेल अर्धा सेंटिमीटर आणि दार १९५ सेंटिमीटर. मात्र सायकल दाराच्याच भिंतीला टेकलेली हवी. ती रस्त्याच्या मधोमध असेल तर कॅमेऱ्याजवळ असल्यानं मोठी दिसते आणि तुमचं दार बुटकं होतं.

पुढं एफस्पाय हे छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या. फोटोत ज्या रेषा प्रत्यक्षात समांतर होत्या, म्हणजे ओट्याची कड, दाराचा उंबरा, छपराची रेघ, त्यांवर दोन-दोन रेषा ओढायच्या. मग दुसऱ्या दिशेच्या दोन. त्यावरून फोटोग्राफर कुठं उभा होता आणि लेन्स कसली होती, हे ते काढून देतं. हा कॅमेरा ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आणला की फोटो मागं ठेवून त्यावरच भिंती उभ्या करता येतात. फोटो कडेनं कापलेला असेल, आणि जुन्या अल्बममधले बरेचसे असतातच, तर लेन्सचं केंद्र फोटोच्या मध्यावर नसतं. एफस्पायमध्ये ‘प्रिन्सिपल पॉइंट’ हाती बदलता येतो, तो बदला. नाहीतर घर एका अंगाला कललेलं येतं आणि कारण सापडत नाही.

ब्लेंडर पहिल्यांदा उघडल्यावर घाबरायला होतं. तुम्हाला त्यातलं फार थोडं लागणार आहे: ठोकळा ठेवणं, ताणणं, कापणं, आणि एकच वस्तू रांगेत पुन्हा पुन्हा मांडणं. बाकीची बटणं नाहीतच असं समजा. एकक मीटर ठेवा. जोतं, भिंती, दारं, माळवद, या क्रमानं साधे ठोकळे उभे करा. दिसायला हे भिकार असतं, पण घराचा सांगाडा खरा असतो.

आता एआयला बोलवा

एका फोटोवरून थ्रीडी वस्तू करून देणारी साधनं अलीकडं भराभर आली. मार्च २०२४ मध्ये ट्रिपोएसआर आलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टचं ट्रेलिस, शिवाय टेन्सेंटचं हुनयुआन थ्रीडी. यांतली काही हगिंग फेसच्या संकेतस्थळावर काहीही न उतरवता करून बघता येतात. सुट्या वस्तूंना ती झकास आहेत: रांजण, पाट, कंदील, लाकडी पेटी. मागची पार्श्वभूमी काढून टाका आणि एकावेळी एकच वस्तू द्या. अख्खं घर टाकलंत तर समोरून घर आणि मागून चिखलाचा गोळा येतो.

मागची बाजू ते कल्पनेनं भरतं. किती भरलं ते ओळखायची एक सोपी तपासणी आहे. तोच फोटो देऊन ‘सीड’चा, म्हणजे एआय ज्यावरून सुरुवात करतो तो, आकडा बदलत चार-पाच वेळा मॉडेल काढा. प्रत्येक वेळी जे तसंच येतं ते बहुधा फोटोतलं. जे दर वेळी बदलतं ते मनचं. रांजणाचा काठ पाचही वेळा सारखा आणि तळ दर वेळी निराळा, तर तळाविषयी त्याला काही ठाऊक नाही हे नक्की.

मागाच्या बाबतीत मात्र एआयवर विसंबू नका. ताण्याचे धागे, दोऱ्या, फणी असलं बारीक काही त्याला पेलत नाही. शेकडो धाग्यांची मिळून एक जाड पट्टी होते आणि माग बाजेसारखा दिसतो. शिवाय विणकराचे पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर (पायानं दाबायच्या पट्ट्यांवर) असतात हेही त्याला सुचत नाही. तो सरळ खुर्ची देतो. इथं हातानंच करा. जिथं अजून हातमाग उभा आहे तिथं परवानगी काढून टेप घेऊन जा, एक पावडी, एक धोटा, एक फणी मोजा. धागा एकदा ब्लेंडरमध्ये रेषेसारखा काढला की ‘ॲरे’ या रांगेत मांडणाऱ्या सोयीनं शेकड्यानं मांडता येतो. चादरीची नक्षी असेल तर ती मॉडेल करू नका. चादर सपाट पसरून वरून सरळ फोटो काढा आणि तो पृष्ठभागावर चढवा.

घराच्या न दिसणाऱ्या भागासाठी चित्र काढणाऱ्या एआयला वर्णन दिलंत तर एक गंमत होते. ‘महाराष्ट्रातलं जुनं घर’ म्हटलं की तो कौलारू उतरतं छप्पर चढवतो, मागं नारळ लावतो. ‘वाडा’ म्हटलं की राजस्थानी झरोके. सोलापूरचं सपाट मातीचं माळवद त्याच्या सवयीत नाही. म्हणून नुसत्या शब्दांवर भागवू नका. त्याच पेठेत अजून उभ्या असलेल्या जुन्या घराचे फोटो नमुना म्हणून द्या.

भावंड दाखवून अंदाज सुधारायची ही युक्ती मोठ्या प्रकल्पांतही चालते. इंडोनेशियातल्या बोरोबुदूरच्या बौद्ध मंदिराच्या पायथ्याशी १६० शिल्पपट आहेत, त्यांतले बहुतेक दगडी भिंतीआड झाकलेले. १८९०-९१ मध्ये तो भाग तात्पुरता उघडून फोटो काढले होते, तेवढाच आधार. जपानच्या रित्सुमेइकान विद्यापीठातल्या गटानं एकेका फोटोवरून खोली काढणारं न्यूरल नेटवर्क बनवलं, आणि त्याला शिकवायला त्याच मंदिरातली उघडी शिल्पं वापरली. कारागिरीचं वळण सारखं असल्यानं अंदाज हवेतला राहत नाही.

फोटो ‘सुधारणाऱ्या’ एआयविषयी मी जरा कडू आहे. धूसर चेहरा तो स्वच्छ करतो म्हणजे नवा चेहरा काढतो. अक्षरांचं तर वाटोळं करतो. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या शिलालेखाचं उदाहरण घ्या: शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८, आणि त्यातली ‘वांछितो विजेया होईवा’ ही मराठी ओळ. असल्या दगडाचा धूसर फोटो अशा साधनात घातला तर झिजलेल्या अक्षराच्या जागी अक्षरासारखं काहीतरी गुळगुळीत येतं आणि वाचणारा फसतो. लेख, पाट्या, कोरीव नावं यांना एआयचा हात लावायचाच नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बाजूनं विजेरी धरून वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा, खाचा आपोआप उठून दिसतात.

२०२३ पासून गाजत असलेल्या गॉशियन स्प्लॅटिंग या तंत्राबद्दलही विचारलं जातं. फोटो भरपूर असतील तर जागेत फिरल्याचा भास ते फार सुंदर देतं. पण ते रंगीत ठिपक्यांचे ढग असतात, भिंत नसते. मोजायला किंवा छापायला बेभरवशाचं. दाखवायला ठेवा.

खरं कोणतं, अंदाज कोणता

जुन्या वास्तूंच्या संगणकी पुनर्रचनेसाठी लंडन चार्टर आणि सेव्हिल तत्त्वं असे दोन आंतरराष्ट्रीय दस्तऐवज आहेत. दोन्हींचा आग्रह एकच: पुराव्यानं सिद्ध झालेलं आणि कल्पनेनं भरलेलं बघणाऱ्याला वेगळं कळलं पाहिजे. घरगुती कामात हे असं करता येईल. ब्लेंडरमध्ये चार कलेक्शन (वस्तूंचे गट) करा आणि प्रत्येकाला एक रंग द्या. फोटोत किंवा कागदावर आहे ते पांढरं. माणसांनी सांगितलेलं पिवळं. शेजारच्या घरावरून घेतलेलं निळं. एआयनं किंवा तुम्ही मनानं भरलेलं लाल. साखर पेठेतल्या त्या घरात समोरची भिंत पांढरी येईल, सानं आणि माग पिवळे, माळवदाची जाडी निळी, स्वयंपाकघर बहुतेक लाल. लाल जास्त दिसलं म्हणून लाजायचं कारण नाही. पुढं कुणाच्या ट्रंकेत दुसरा फोटो सापडला की त्यातलं काही पांढरं होईल.

सोबत एक वही किंवा साधा एक्सेल ठेवा: कोणता भाग, कशावरून, कुणी दिलं, कधी. कोणतं एआय वापरलं आणि त्याला काय सांगितलं, तेही. आता ही पिवळी-लाल आवृत्ती आजींना दाखवायला हरकत नाही. ‘इथं कोनाडा नव्हता, खुंटी होती’ अशा दुरुस्त्या येतात, त्या लगेच करा.

रंगीत, सजवलेली आवृत्ती हवी असेल तर ती वेगळी फाइल करून शेवटी बनवा, आणि खाली ‘अंशतः कल्पित’ असं लिहा. लोकांसमोर टाकण्याआधी फोटो देणाऱ्यांची परवानगी घ्या, जिवंत माणसांचे चेहरे काढून टाका, आणि देवघरातल्या मूर्ती दाखवायच्या का हे घरच्यांना विचारा.

पाठवायला जीएलबी ही एकाच फाइलीत मॉडेल आणि रंग ठेवणारी फाइल सोयीची, फोनवर पटकन उघडते. पंधरा-वीस एमबीच्या आत राहील असं बघा. जड झाली तर ब्लेंडरमधला डेसिमेट मॉडिफायर लावून मॉडेलची जाळी हलकी करा आणि पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांची रुंदी २०४८ पिक्सेलवर आणा. मूळ स्कॅन, मूळ जड फाइल आणि वही या तिन्हींची एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडं ठेवा.